सटवाजीचं बिब्ब्याशी बिनसलं

माझी नात लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जाते. तिला मोठ्यानं वाचायची सवय आहे, त्यामुळं सकाळी तिच्याबरोबर माझाही अभ्यास होतो. परवा ती वाचत होती की माणसाच्या अंगात रोगाशी लढणारी एक यंत्रणा असते, पण कधीकधी तीच बिथरते आणि नको त्यावर तुटून पडते. मग कुठला जंतू नसतानाही माणूस आजारी पडतो. तेच वाक्य तिनं परत वाचलं आणि म्हणाली, "आजोबा, हे काही डोक्यात शिरेना." मी म्हणालो, "त्याला मी ओळखतो. नांदेडला घाटाजवळ राहायचा. सटवाजी परीट त्याचं नाव." ती हसली, पण पुस्तक मिटून बसली. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे. या अंकाचे संपादक नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून माझ्या मागं लागून लागून कंटाळले होते, त्यांचंही काम यात होऊन जाईल.

मी कंपाउंडर होतो. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं तेव्हा नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात लागलो, पुढं लातूरला बदली झाली आणि इथंच निवृत्त झालो. कंपाउंडर म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. तेव्हा गोळ्यांची पाकिटं नव्हती. डॉक्टर पुर्जी लिहीत आणि तिच्याप्रमाणं औषध मी बनवी. खलात कुटायचं, तराजूत तोलायचं, संगमरवराच्या तुकड्यावर बोथट सुरीनं मलम घोटायचं. बाटली रोग्यानं घरून आणायची. कुणी अत्तराची आणी, कुणी घासलेटाची, आणि औषधाला वास येतो म्हणून माझ्याशीच भांडे. बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी डकवायची, म्हणजे एका वेळी किती घ्यायचं ते अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं. तरी उमरीकडच्या एका म्हातारीनं सगळी बाटली दवाखान्याच्या पायरीवर बसूनच रिकामी केली. विचारलं तर म्हणाली, एवढ्या खेपा कशाला, एकदाच जाऊ दे की पोटात. तिला काही म्हणता काही झालं नाही. माझ्या औषधात किती दम होता ते वाचकांनी यावरून ओळखावं.

पुर्जी इंग्रजीत, दफ्तर उर्दूत आणि रोगी मराठीत कण्हणार, असा सगळा तिरपागडा कारभार होता. आमचे डॉक्टर मुनीरसाहेब हैदराबादचे. मराठी त्यांना समजे, पण खेड्यातला माणूस एकदा "पोटात कळ मारून राहिली, डोस्कं गरगरून राहिलं" म्हणून सुरू झाला की ते हळूच माझ्याकडं बघत. मग मी मध्ये पडे. पगार कंपाउंडरचा आणि काम दुभाष्याचंही, पण मला ते आवडायचं. साहेब स्वभावानं शांत, स्वच्छतेच्या बाबतीत मात्र कडक. गळ्याशी बंद असा पांढराशुभ्र कोट रोज अंगात असे. तो कोट धुणारा सटवाजी.

सटवाजी तेव्हा चाळिशीतला असेल. उंच, काटक, तोंडानं मोकळा. तो आणि त्याची बायको सोजर गोदावरीच्या घाटावर धुणं करीत. आमच्या गल्लीतली आणि आसपासची बरीच घरं पिढीजात त्यांच्याकडं होती. सगळ्या घरांचे कपडे एकाच भट्टीत, सोड्याच्या पाण्यात उकळत, म्हणून प्रत्येक कपड्याला खूण करावी लागे, आणि ती खूण बिब्ब्याची. ज्यांनी बिब्बा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रानात मिळणारी ती काळी, चपटी बी असते. तिला सुई टोचली की आतून तेल येतं. त्याचा ठिपका कापडावर दिला आणि वर ओला चुना लावला की तो काळा होऊन बसतो. कापड विरून जातं, ठिपका जात नाही. हेच तेल कातडीला लागलं तर मात्र कित्येकांना फोड येतात, तोंड सुजतं. त्याला बिब्बा उतणं म्हणतात. कुणाला उततो, कुणाला उतत नाही, आणि ज्याला उतत नाही त्याला तो जन्मात कधी उतणार नाही, अशी आमच्याकडं लहानथोरांची पक्की समजूत होती.

सटवाजीच्या घराण्याला तर याचा मोठा अभिमान. त्याचा आजा उघड्या बोटानं बिब्ब्याचं तेल पुसायचा, असं तो सांगे. प्रत्येक घराची खूण त्याला बापाकडून आली होती. आमच्या घराची तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. मुनीरसाहेबांना नवे म्हणून त्यानं चंद्रकोर दिली होती. लिहिता-वाचता येत नसताना शेकडो कपडे तो डोळे झाकून वाटून टाकी. एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी गेला, असं मी तरी ऐकलं नाही.

आणखी एक मान त्याच्याकडं होता. लग्नात नवरदेव मांडवापर्यंत चालत येतो तेव्हा त्याच्या पायाखाली पायघड्या घालायचा हक्क परटाचा. धुतलेली लुगडी, धोतरं एकापुढं एक अंथरत तो चालायचा, आणि मागची उचलून पुन्हा पुढं घालायचा. त्यासाठी तो गल्लीतल्याच घरांचे त्याच्याकडं धुवायला आलेले कपडे वापरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. त्या दिवशी तो डोक्याला लाल मुंडासं बांधून यायचा. इतर वेळी घराच्या मागच्या दारानं येणारा माणूस त्या दिवशी सगळ्या वरातीच्या पुढं असायचा.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्याच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. मग पुळ्या आल्या, त्या फुटून पाणी वाहू लागलं. हात मनगटापर्यंत लाल झाले. एके दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की मी त्याला आवाजावरून ओळखलं. मुनीरसाहेबांनी त्याला नीट तपासलं. पिसानं, टाचणीनं हातापायांना शिवून पाहिलं, कुठं बधिरपणा नव्हता. "ये कोढ़ नहीं है," ते म्हणाले, आणि मी बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितलं की हा महारोग नाही. पण लोकांनी त्याचे हात पाहिले होते. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांचा डोळ्यांवर भरवसा जास्त.

साहेबांचा पहिला संशय सोड्यावर आणि भट्टीच्या खारावर गेला, आणि तो अगदी रास्त होता. धुणाऱ्यांचे हात खारानं जातात हे आम्ही नेहमी पाहत होतो. त्यांनी परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात हात बुडवून बसायला सांगितलं, माझ्या हातचं जस्ताचं मलम दिलं आणि पाण्याला शिवायचं नाही अशी ताकीद दिली. सोजरनं ते मनावर घेतलं. घाटावरचं सगळं काम तिनं अंगावर घेतलं आणि नवऱ्याला घरात बसवून हलकं, कोरडं काम दिलं: कपडे निवडायचे, घड्या घालायच्या आणि खुणा करायच्या. दिवसभर तो बिब्बा आणि सुई घेऊन बसे. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी काळजीपोटी, त्याला नेमकं विषाशेजारी नेऊन बसवलं होतं.

दुखणं वाढलं. गळ्यावर, कानामागं, पोटावर चट्टे आले. धुण्याची घरं तुटू लागली. आधी शेजारच्या आळीतली, मग आमची. माझ्या घरात वडील लवकर गेल्यामुळं आईचा शब्द चाले, आणि आईनं सांगून टाकलं की सटवाजीच्या हातचा कपडा या घरात येणार नाही. तिनं कमळच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात स्वतः नेसायला घेतलेलं नवंकोरं इरकली लुगडं खळ काढायला त्याच्याकडं दिलं होतं. सोजर ते धुऊन, घडी घालून परत घेऊन आली तर आईनं उंबऱ्याबाहेरूनच तिला वाटेला लावलं. ते तुलाच राहू दे म्हणाली. तिच्या लुगड्यांत तेच एक भारी होतं, त्यावरून भीती किती होती ते कळेल. सोजर घडी छातीशी धरून परत गेली.

त्या लग्नसराईत गावात बरीच लग्नं झाली आणि पायघड्या घालायला दुसऱ्या आळीतला परीट आला. सटवाजी घराबाहेर पडला नाही. धुण्याचं काम गेलं ते तो सांगायचा. पायघड्यांचं तो कधी बोलला नाही.

मग तो देवणीला सासुरवाडीला गेला. तिकडं त्याला काही काम नव्हतं, मेहुण्याच्या बैलांना चारापाणी करायचा आणि पडून राहायचा. महिन्याभरात हात स्वच्छ झाले. आनंदानं नांदेडला आला, आणि आठवडा जातो न जातो तोच तोंड पुन्हा सुजलं. परत देवणी, परत बरा. आता गल्लीला कारण सापडलं. कुणी म्हणालं करणी केली आहे, कुणी म्हणालं नदी कोपली आहे, तिच्यात भट्टीची घाण सोडतो म्हणून. सटवाजीलाही ते पटलं. त्यानं नांदेड कायमचं सोडायचं ठरवलं, गाढवाला गिऱ्हाईक पाहिलं, आणि एका सकाळी साहेबांचे दोन कोट पोचवून निरोप घ्यायला दवाखान्यात आला. हात तेव्हा बरे होते. देवणीला त्याला कुणाचंही घर मिळणार नव्हतं, कारण तिथल्या घरांचे परीट ठरलेले. मेहुण्याच्या दारात राबायचं, एवढंच पुढं होतं. सोजर दाराशी उभी होती, ती खाली बघत होती.

त्या वेळी मी साहेबांच्या मानेला मलम लावत होतो. बरेच दिवस त्यांच्या मानेवर कॉलरच्या खाली एक खाजरा चट्टा होता. जागा मागं असल्यानं त्यांना तो दिसत नव्हता आणि मला तो रोज दिसत असल्यानं मी त्याच्याकडं नीट पाहिलं नव्हतं. साहेबांचा कोट सटवाजीच्या हातात, कॉलर उलटलेली, आणि मान त्याच्यासमोर. तो पुढं वाकला आणि म्हणाला, "साब, ह्यी तर तुमच्या घरची खूण हाय."

मी पाहिलं. चट्टा चंद्रकोरीसारखा होता. जरा फुगलेला, कडा फिसकटलेल्या, पण कोरच. साहेबांनी दोन आरसे मागवले, मागंपुढं धरून स्वतः पाहिलं, मग कोट घेऊन कॉलरच्या आतली काळी खूण पाहिली. ती शाई असेल असं ते आजवर समजत होते. कशानं काढतोस, असं त्यांनी विचारलं. बिब्ब्यानं, असं तो म्हणाला. हैदराबादकडं त्याला भिलावा म्हणतात, ते मी सांगितलं. ते नाव ऐकल्याबरोबर साहेब खुर्चीत बसले आणि याचे हातही त्यानंच गेले असतील, असं म्हणाले.

मीच त्यांना म्हणालो की साहेब, ते नसणार. याच्या घरात पिढ्यानपिढ्या बिब्बा आहे, याला तो उतत नाही. सटवाजी तर दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, "न्हाई साब. तीस वरसं ह्या बोटांत खेळिवला त्याला. नव्या माणसाला उतंल त्यो, मला कसा उतंल? आमची बाराखडी हाय ती."

साहेबांनी वाद घातला नाही. कात्री मागितली आणि स्वतःच्या कोटाच्या कॉलरचा खुणेचा तुकडा कापून काढला. धुऊन धुऊन जुनी झालेली खूण होती ती. दुसरा तसाच तुकडा बिनखुणेचा कापला. एक त्याच्या उजव्या दंडावर बांधला, एक डाव्या, आणि सांगितलं की जायचं तर परवा जा, तोवर हे सोडू नको आणि बिब्ब्याला शिवू नको. कोट वाया गेला म्हणून मला वाईट वाटत होतं. दोन दिवसांनी त्यानं पट्ट्या सोडल्या. डावा दंड जसाच्या तसा होता. उजव्यावर लालभडक, पुळ्यांनी भरलेली कोर उठली होती.

सटवाजीला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल, पण त्याचे डोळे भरून आले. करणी असती तर तिला उतारा होता, नदी कोपली असती तर तिला नारळ फोडता आला असता. हे त्याच्या स्वतःच्या धंद्यानंच केलं होतं. "मग म्या आता काय करू, साब?" एवढंच तो म्हणाला.

साहेबांनी त्या दिवशी जे समजावलं ते मी मराठीत केलं, आणि पुढं नोकरीभर कितीतरी जणांना तेच सांगत आलो. अंगात एक पहारेकरी असतो. रोग आत शिरला तर त्याला पकडायचं, मारायचं, ही त्याची नोकरी. चेहरे लक्षात ठेवण्यात तो पक्का असतो, म्हणून देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत. पण कधीतरी त्याची समज चुकते. रोजच्या येण्याजाण्यातल्या एखाद्या गोष्टीलाच तो चोर समजतो. एकदा समजला की विसरत नाही, आणि ती थेंबभर जरी दिसली तरी काठी घेऊन धावतो. सूज, फोड, पाणी, हा सगळा त्याच्या काठीचा मार असतो आणि तो बसतो आपल्याच अंगावर. बिब्बा काही नवा झाला नव्हता. सटवाजीच्या अंगानं त्याच्याविषयीचं मत बदललं होतं. हे मत औषधानं परत बदलता येत नाही, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. दोघांनी एकमेकांच्या वाटेला न जाणं, हाच इलाज.

आता प्रश्न खुणांचा. बिब्बा सोडला तर कपडे ओळखायचे कसे? सोजर म्हणाली, दोऱ्यानं टाके घालू. बिब्ब्याच्या सगळ्या जुन्या कपड्यांना तीच हात लावेल, तिला काही होत नाही. तिनं जुन्या लुगड्याच्या काठातला लाल दोरा काढला आणि जी चार घरं उरली होती त्यांच्या कपड्यांना घातला. पहिल्याच भट्टीत रंग सुटला. साहेबांचा नवा कोट गुलाबी ठिपक्यांचा होऊन आला. साहेबांनी तो तसाच अंगात घातला आणि आठवडाभर त्यातच रोगी तपासले. लहान मुलं मोठ्या खुशीनं त्यांना घशात बघू देत. मग सोजरनं पांढरं कच्चं सूत घेतलं आणि गाठींची खूण सुरू केली. तीन ठिपके असतील तिथं तीन गाठी, रेघ असेल तिथं लांब टाका. डोळ्यांना ती दिसत नसे, बोटांना लागे. सटवाजी काठावरून अंगठा फिरवायचा आणि घर सांगायचा. काही दिवसांत त्याचा हात आधीसारखा चालू लागला. मेहुण्याला त्यानं निरोप पाठवला, गाढव राहिलं.

हात बरे झाले, पण घरं परतेनात. बरा होऊन पुन्हा बिघडताना लोकांनी त्याला एकदा पाहिलं होतं. साहेबांचे कपडे तो धूत होता, पण डॉक्टरला काय होतंय, असं लोक म्हणत. माझी आई तर ऐकूनच घेईना. तिला स्वतःला बिब्बा उततो, लहानपणी तिचं तोंड असं सुजलं होतं की आठवडाभर तिला अंधारात ठेवलं होतं. तेव्हापासून कपड्याचं खुणेचं टोक ती तोंडाजवळ नेत नसे. म्हणून मला वाटलं की ती लवकर समजेल. झालं उलटंच.

"मला पहिल्यापासून उततो," ती म्हणाली. "त्याला तीस वर्षं न्हाई उतला, अन् आत्ताच कामून उतंल? तुमचा डाक्टर काहीबी सांगतो."

प्रश्न खरा होता. पहारेकऱ्याची गोष्ट मी सांगितली, ती तिला पटली नाही. मग मला शेजारच्या दोन खणांत राहणारी माझी चुलती आठवली. आई आणि काकू वीस वर्षं एका चुलीवर राहिल्या, एका ताटात जेवल्या. एके दिवशी कुठल्याशा तव्यावरून काहीतरी बिनसलं, आणि त्या दिवसापासून तेव्हापर्यंत आईनं तिच्याशी शब्द बोललेला नव्हता. मी म्हणालो, "आई, वीस वर्षं काकूचं काही खुपलं नाही. मग त्या एका दिवशीच काय झालं?"

आईनं भाकरी थापायची थांबवली.

"आणि आता नुसती तिची बांगडी वाजली तरी तुझं डोकं उठतं. काकू तीच आहे. तुझं मन फिरलं. सटवाजीचं अंग तसं फिरलं."

वर बोलू नको म्हणून ती माझ्यावर डाफरली आणि भाकरी करपली. पण ते तिच्या डोक्यात गेलं हे मला कळलं, कारण पुढं दोन दिवस ती माझ्याशीही बोलली नाही.

हे असं सुटणारं दुखणं होतं म्हणून मी एवढ्या चवीनं सांगतो आहे. पुढं लातूरला डाळीच्या गिरणीतला एक हमाल यायचा. तुरीच्या भुशात गेला की छातीत शिट्या वाजायच्या, गावाकडं गेला की गाढ झोपायचा. त्याला मी सटवाजीची गोष्ट सांगितली, त्यानं गिरणी सोडून बैलगाडी धरली आणि सुटला. पण एक दहा-अकरा वर्षांची मुलगी यायची, तिचं नाव लिहीत नाही. आधी घसा दुखला, तो बरा झाला, मग सांधे धरले, ताप आला, आणि मग जिना चढताना ती धापा टाकू लागली. घशातल्या जंतूंवर सोडलेला पहारेकरी तिच्या काळजालाच जंतू समजून बसला होता. बिब्ब्यापासून माणूस दूर जाऊ शकतो, काळजापासून कुठं जाणार? मी तिला गोड, लाल रंगाचं मिश्रण करून द्यायचो कारण तिला तो रंग आवडायचा. त्यापलीकडं माझ्या खलबत्त्यात काही नव्हतं. ती गेली तेव्हा तिच्या बापानं रिकामी बाटली धुऊन परत आणून दिली. ती मी दुसऱ्या कुणाला वापरू शकलो नाही. नातीचं पुस्तक ऐकताना सगळ्यात आधी मला तीच आठवली होती, सटवाजी नंतर.

कमळचं लग्न सटवाजी बरा झाला त्याच वर्षी निघालं. नवरदेव उमरीचा. पायघड्यांना कुणाला सांगायचं हे आईनं शेवटपर्यंत ठरू दिलं नाही. दुसऱ्या आळीच्या परटाला बोलवू का, असं मी विचारलं तर हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. लग्नाच्या दिवशी वाजंत्री कोपऱ्यावर आली, नवरदेव घोड्यावरून उतरला आणि मांडवाच्या तोंडाशी काहीच अंथरलेलं नव्हतं. वऱ्हाडी एकमेकांकडं बघू लागले.

तेव्हा मला सटवाजी दिसला. समोरच्या घराच्या कडेला उभा होता. डोक्याला लाल मुंडासं नव्हतं, पण काखेत कपड्यांचा गठ्ठा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. न बोलावता तो पुढं आला नसता, आणि घरी बसणंही त्याच्यानं झालं नव्हतं. सोजर त्याच्या मागं उभी होती. सगळी गल्ली बघत होती, आमची काकूसुद्धा.

आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली. तिनं नवरदेवाकडं पाहिलं, मग त्याच्यापलीकडं पाहिलं. ताट माझ्या हातात दिलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "सटवाजी, नवरदेव उन्हात उभा हाय. पायघड्या कुठं हायत?"

तो पुढं आला. त्याचे हात स्वच्छ होते, आणि ते सगळ्यांना दिसले. त्यानं गठ्ठा सोडला आणि पहिलं लुगडं नवरदेवाच्या पायाशी अंथरलं. मग दुसरं, मग धोतर, मग पुन्हा मागचं उचलून पुढं. कोपऱ्यात काळी खूण दिसत नव्हती म्हणून कुणीतरी विचारलं की हे कपडे कुणाचे. तो अंथरत पुढं चालला. दारापर्यंत आल्यावर शेवटची घडी त्यानं उलगडली आणि आईच्या पायापाशी, उंबऱ्याला लागून घातली. आईनं परत धाडलेलं इरकलीच होतं ते. नवरदेव त्यावरून चालत घरात आला.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. दुपारी मी पाहिलं तर आई ओसरीवर एकटीच बसली होती, ते लुगडं मांडीवर घेऊन. काठावरून अंगठा फिरवत होती. एक गाठ, दुसरी, तिसरी, मग लांब टाका. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं घर तिला बरोबर सापडलं. मग ती आत गेली.

संध्याकाळी कमळला गाडीत बसवलं तेव्हा आई तेच लुगडं नेसून आली होती. गाडी हलली. आईनं गाठींच्या खुणेचा पदर तोंडाशी नेला, त्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग सगळं तोंड त्यातच लपवून ती रडली. काकू शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. आईनं तो झटकला नाही. सटवाजी आणि सोजर रस्त्याच्या पलीकडून बघत होते. गाडी वळली तरी आईनं तोंडावरचा पदर काढला नव्हता.